मूडलच्या धड्यात बाहेरचा व्हिडिओ, शीट आणि पीडीएफ कशी बसवायची

पहिल्या तुकडीचा पहिला धडा मी रात्री अकराला खुला केला आणि निवांत झोपले. सकाळी मेल उघडला तर एकतीस मेल येऊन पडलेले. सगळे गूगलकडून, सगळ्यांत मजकूर एकच: अमुक ताई तुमची फाइल बघायला परवानगी मागत आहेत. धड्यात मी बचत गटाच्या रोकडवहीची नमुना शीट बसवली होती. मला ती छान दिसत होती, कारण शीट माझीच आणि ब्राउझरमध्ये लॉगिनही माझंच. ताईंना शीटच्या जागी फक्त 'परवानगी मागा' असं बटण दिसत होतं. त्यांनी ते इमानेइतबारे दाबलं.

आमच्या संस्थेत बचत गटांच्या हिशेबनीस ताईंना मूडलवर, म्हणजे ऑनलाइन धडे चालवायच्या प्रणालीवर, प्रशिक्षण देतात आणि ते धडे रचण्याचं काम माझ्याकडे आहे. मी संगणकातली नाही, वाणिज्य शाखेची. त्यामुळे खाली लिहिलंय ते आपटून-धोपटून शिकलेलं आहे. तुम्ही नुकतंच हे काम हातात घेतलं असेल, तर निदान ते एकतीस मेल तुमच्या वाट्याला येऊ नयेत.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- मूडलमध्ये धडा बदलण्याचा अधिकार असलेली शिक्षकाची भूमिका. 'नॉन-एडिटिंग टीचर' असाल तर तपासणी आणि गुण देता येतील, पण धड्यात काही बसवता येणार नाही. ॲडमिनला सांगून भूमिका बदलून घ्या.
- संस्थेच्या नावाचं गूगल खातं. स्वतःच्या खाजगी खात्यात फाइली ठेवू नका. माणूस नोकरी सोडतो, खातं बंद करतो आणि पाच धड्यांतल्या शीटा एका दिवसात गायब होतात.
- ब्राउझरची इन्कॉग्निटो खिडकी (तुमचं लॉगिन जिथे लागू होत नाही ती) आणि मूडलमधलं विद्यार्थ्याचं एक चाचणी खातं.
- एक साधा अँड्रॉइड फोन. तुमचा नवा नको, ऑफिसात कुणाचा तरी तीन-चार वर्षं वापरलेला.
- दुव्यांची वही. म्हणजे एक साधी शीट: धडा, दुवा, मालक कोण, शेवटचं कधी तपासलं. ही कंटाळवाणी वाटते, पण दुसऱ्या तुकडीला तीच उपयोगी पडते.

१. आधी ठरवा: चौकट, दुवा की स्वतःची प्रत

बाहेरची गोष्ट धड्यात आणायचे तीन मार्ग आहेत. चौकटीत बसवणं, ज्याला एम्बेड म्हणतात; त्यासाठी पानात चिकटवायचा तयार मजकूर म्हणजे कोड. नुसता दुवा देणं. किंवा फाइल उतरवून मूडलमध्ये चढवणं.

चौकट म्हणजे आपल्या भिंतीत पाडलेली खिडकी. तिच्यातून शेजाऱ्याचं अंगण दिसतं, पण अंगण शेजाऱ्याचंच राहतं. त्याने उद्या तिथे गुरं बांधली तर आपल्या खिडकीतून गुरं दिसणार, आणि त्याने पडदा लावला तर काहीच दिसणार नाही. म्हणून मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: हे बदललं किंवा नाहीसं झालं तर धडा अडेल का? अडणार असेल तर स्वतःची प्रत हवी, अर्थात तशी परवानगी असेल तरच. बदललेलंच दिसायला हवं असेल, जसं आपणच भरत असलेलं वेळापत्रक, तर चौकट. मोठं संकेतस्थळ फिरून बघायचं असेल तर दुवा, तोही नव्या खिडकीत उघडणारा.

हौसेने सगळंच चौकटीत कोंबायचा मोह होतो. मलाही झाला होता. एका पानावर सहा चौकटी लावल्या आणि ते पान ताईंच्या फोनवर उघडेपर्यंत चहा होऊन जायचा. आता एका पानावर जास्तीत जास्त दोन.

२. ते पान चौकटीत बसू देतं का, ते बघा

कोर्समध्ये एक लपवलेला विभाग करून ठेवा, त्याला 'प्रयोगशाळा' नाव द्या आणि प्रत्येक नवी गोष्ट आधी तिथे लावून बघा. चौकटीत करडा डबा आणि 'रिफ्यूज्ड टू कनेक्ट' असं वाक्य आलं तर चूक तुमची नाही. त्या संकेतस्थळाच्या सर्व्हरनेच ब्राउझरला सांगितलेलं असतं की माझं पान दुसऱ्याच्या पानात दाखवू नकोस. या सूचनेचं जुनं नाव 'एक्स-फ्रेम-ऑप्शन्स', नवं 'फ्रेम-अँसेस्टर्स'. यामागे कारण आहे. कुणी बँकेचं खरं पान आपल्या पानात अदृश्य करून ठेवलं आणि त्याच जागी 'बक्षीस मिळवा' असं बटण दाखवलं, तर माणूस बक्षिसावर दाबेल आणि दाब बँकेच्या बटणावर बसेल. म्हणून बँका आणि लॉगिनची पानं चौकटीत येत नाहीत, अनेक सरकारी पोर्टलंही येत नाहीत.

यावर उपाय म्हणून काही जण मधला प्रॉक्सी, म्हणजे ते पान आपल्यामार्फत आणून देणारा तिसराच सर्व्हर, वापरायला सांगतात. त्या वाटेला जाऊ नका. मूडलमधला 'यूआरएल' हा प्रकार निवडा, त्यातल्या 'अपिअरन्स'खाली 'डिस्प्ले'मध्ये नवी खिडकी निवडा आणि विषय संपवा. कुठे दाबायचं ते दाखवायचं असेल तर स्क्रीनशॉट घेऊन त्यावर लाल गोल काढा. खरं सांगायचं तर ताईंना चौकटीतल्या पोर्टलपेक्षा तो लाल गोलच जास्त कळतो.

चौकट नुसतीच पांढरी राहिली तर दुव्याची सुरुवात बघा. तुमचं मूडल 'एचटीटीपीएस'वर असेल आणि बाहेरचा दुवा नुसत्या 'एचटीटीपी'चा असेल, तर ब्राउझर तो अडवतो. दुव्यात 'एस' घालून बघा. तरीही चालला नाही, तर नव्या खिडकीचा दुवा आहेच.

३. व्हिडिओ: इथे कोडची गरजच नाही

यूट्यूबचा दुवा मूडलच्या पानात साध्या दुव्यासारखा टाकला की मूडलचं मल्टिमीडिया फिल्टर त्याचा प्लेअर आपोआप बनवतं. ते बनत नसेल तर फिल्टर बंद असेल, ॲडमिनला विचारा. व्हिडिओ ठरावीक मिनिटापासून सुरू करायचा असेल तर मात्र 'शेअर'मधून 'एम्बेड' घ्या. तिथे 'स्टार्ट ॲट'ची खूण असते आणि बघणाऱ्याचा माग कमी ठेवणारा 'प्रायव्हसी-एनहान्स्ड' पर्यायही असतो. मी तो नेहमी चालू ठेवते.

स्वतःचे व्हिडिओ यूट्यूबवर चढवताना 'अनलिस्टेड' (दुवा असेल त्यालाच दिसणारा) ठेवा. 'प्रायव्हेट' ठेवलेला व्हिडिओ तुम्हाला दिसतो आणि ताईंना दिसत नाही, म्हणजे पुन्हा एकतीस मेलची गोष्ट. व्हिडिओच्या तपशिलात 'अलाउ एम्बेडिंग' अशी खूणही असते, ती चालू आहे ना ते बघून घ्या. दुसऱ्याचा व्हिडिओ असेल आणि त्याने ती बंद ठेवली असेल, किंवा व्हिडिओला वयाची अट असेल, तर तो तुमच्या पानात चालणार नाही.

व्हिडिओ संपल्यावर येणाऱ्या इतर व्हिडिओंचा ससेमिरा पूर्ण बंद करता येत नाही. २०१८ पासून यूट्यूबने ती सोय काढून घेतली. दुव्यात बदल करून फार तर त्याच चॅनेलचे व्हिडिओ दिसतील इतकंच करता येतं. म्हणून चॅनेल निवडतानाच ते बाकी काय दाखवतं हे बघा. हिशेबाच्या धड्याखाली झटपट श्रीमंत होण्याचे व्हिडिओ नकोत.

व्हिडिओ उतरवून मूडलमध्ये चढवू का, असं पुष्कळ जण विचारतात. परक्याचा असेल तर अजिबात नाही. चौकटीत मूळ मालकाचं नाव दिसतं, बघणाऱ्यांची संख्या त्याच्या खात्यात जाते आणि त्याने काढून टाकला तर तो तुमच्याकडूनही जातो. उतरवून चढवणं ही नक्कल झाली आणि ती मालकाच्या परवानगीशिवाय करता येत नाही. स्वतःचा व्हिडिओही मूडलमध्ये चढवणं तोट्याचं. मूडल ज्या पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेवर चालतं तिच्यात एका फाइलची मूळ मर्यादा अवघी २ एमबी असते. ॲडमिन ती वाढवतो, पण तीस जणींनी एकाच वेळी व्हिडिओ सुरू केला की साधा सर्व्हर बसतो.

४. गूगलचं डॉक्युमेंट, शीट, स्लाइड: सगळ्यात जास्त घोळ इथेच

दोन वाटा आहेत आणि त्यांत लोक गल्लत करतात.

पहिली, 'शेअर'. फाइलवर 'एनीवन विथ द लिंक' आणि पुढे 'व्ह्यूअर' निवडायचं. मग ड्राइव्हमधल्या पीडीएफच्या दुव्यात शेवटाकडे 'व्ह्यू' हा शब्द असतो, तो आणि त्याच्यापुढचं सगळं खोडून तिथे 'प्रिव्ह्यू' लिहायचं. हा दुवा चौकटीत बसतो.

दुसरी, 'फाइल' मेनूतल्या 'शेअर'खालचं 'पब्लिश टू वेब'. तिथे 'एम्बेड' निवडलं की तयार कोड मिळतो. तुम्ही मूळ फाइल बदलली की थोड्या वेळात चौकटीतही बदल दिसतो. डॉक्युमेंट आणि स्लाइडसाठी मला हीच वाट बरी वाटते, वरचे मेनू न दिसता फक्त मजकूर दिसतो.

शीट मात्र जपून. प्रकाशित करताना पहिल्या रकान्यात 'एन्टायर डॉक्युमेंट' आधीच निवडलेलं असतं, म्हणजे शीटमधली सगळी पानं. माझ्या नमुना रोकडवहीच्या फाइलमध्ये खाली दुसरं पान होतं, 'हजेरी' नावाचं. त्यात तुकडीतल्या सगळ्या ताईंची नावं आणि मोबाइल नंबर. चौकटीखाली त्या पानाची पट्टी दिसत होती, दाबलं की उघडत होतं. दोन दिवसांनी एका ताईचाच फोन आला, "मॅडम, माझा नंबर सगळ्यांना का दिसतोय?" मला काय उत्तर द्यावं सुचेना. तेव्हापासून दाखवायची शीट वेगळ्या फाइलमध्ये, कामाची वेगळ्या. एका फाइलमध्ये दोन्ही कधीच नाहीत.

त्यात आणखी एक खाच. मी घाईघाईने शेअरिंग बंद केलं आणि सुटले असं वाटलं. पण शेअरिंग बंद केल्याने प्रकाशन बंद होत नाही. पुन्हा 'पब्लिश टू वेब'मध्ये जाऊन 'स्टॉप पब्लिशिंग' दाबावं लागतं.

ताईंनी स्वतः भरायची शीट असेल तर चौकट वापरूच नका. शीटच्या दुव्यातल्या 'एडिट'पासून पुढचं सगळं खोडून तिथे 'कॉपी' लिहा आणि तो साधा दुवा म्हणून द्या. दाबल्यावर गूगल विचारतं, 'प्रत बनवायची का?' हो म्हटलं की प्रत्येकीच्या खात्यात तिची स्वतःची रोकडवही तयार. मूळ वही कोऱ्या पाटीसारखी राहते. हे कळण्याआधी आमच्या एका शीटमध्ये चौदा जणींनी एकमेकींच्या आकड्यांवर आकडे लिहिले होते.

५. पीडीएफ आणि जुन्या फॉन्टची कागदपत्रं

मराठीत काम करणाऱ्यांची ही खास डोकेदुखी. संस्थेकडे दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या पुस्तिका असतात, वर्डमध्ये, श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या. ती फाइल गूगल डॉक्युमेंटमध्ये उघडली की 'बचत गट'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंसांची भेळ दिसते. कारण हे फॉन्ट युनिकोड नाहीत. आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं, फक्त त्यांच्यावर मराठी मुखवटा चढवलेला असतो. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर मुखवटा गळून पडतो.

तो फॉन्ट असलेल्या संगणकावरच फाइल उघडा आणि तिथून पीडीएफ बनवा, फॉन्ट पीडीएफच्या आत जाईल असं बघून. मग ती कुठेही नीट दिसेल. पण त्या पीडीएफमध्ये 'परतफेड' हा शब्द शोधला तर सापडणार नाही आणि दृष्टिहीन व्यक्तीचा स्क्रीन रीडर ती वाचू शकणार नाही. पुस्तिका वर्षानुवर्षं वापरायची असेल तर एकदा बसून युनिकोडमध्ये करून घ्या. परिवर्तक मिळतात, पण त्यांच्यानंतर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांखालून घालावेच लागतात.

फाइलचं नाव रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता द्या. देवनागरी नाव दुव्यात गेलं की त्याची टक्क्यांच्या चिन्हांची लांबच लांब माळ होते आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना ती अर्ध्यात तुटते.

आणि फोनसाठी पीडीएफ थेट चौकटीत दाखवू नका. संगणकावर ती सुरेख दिसते, त्यामुळेच आपण फसतो. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये चौकटीतल्या पीडीएफच्या जागी बहुधा नुसतं 'ओपन' बटण येतं. आयफोनवर पहिलंच पान दिसून पुढची सरकत नाहीत, असाही अनुभव येतो. ड्राइव्हचा 'प्रिव्ह्यू' दुवा दोन्हीकडे चालतो. किंवा मूडलमध्ये 'फाइल' म्हणून ठेवा आणि नावापुढे आकार लिहा, '३ एमबी' असा. दिवसाला दीड जीबीचं रिचार्ज असलेली व्यक्ती तो आकडा बघूनच दाबते.

६. कोड मूडलमध्ये टाकणं

उजव्या कोपऱ्यातलं 'एडिट मोड' चालू करा आणि 'पेज' हा प्रकार जोडा. 'टेक्स्ट अँड मीडिया एरिया' नको, कारण त्यातल्या चौकटी कोर्सच्या मुख्य पानावरच उघडतात आणि ताई नुसतं वेळापत्रक बघायला आली तरी सगळे व्हिडिओ लोड व्हायला लागतात.

पेजच्या मजकुराच्या खोक्यात कोड थेट चिकटवला तर कोडच अक्षरशः छापला जातो. नवख्यांची ही पहिली चूक. त्या खोक्याच्या (त्याला संपादक म्हणतात) 'टूल्स' किंवा 'व्ह्यू' मेनूत 'सोर्स कोड' शोधा. संपादकाचं रूप तुमच्यापेक्षा वेगळं दिसलं तर गोंधळू नका. मूडल ४.२ पासून टायनीएमसीई हा संपादक मुख्य झाला, त्याआधी ॲटो होता आणि त्यात हेच बटण टोकदार कंसांच्या चिन्हाचं आहे. तिथे कोड चिकटवा आणि जतन करा.

कोडमध्ये दोन गोष्टी हाताने बदला. 'विड्थ'पुढे ५६० असा आकडा असतो, तो खोडून १०० टक्के करा, नाहीतर फोनवर चौकट उजवीकडे कापली जाते. आणि 'टायटल'पुढे मराठीत लिहा: 'रोकडवही भरण्याचा नमुना, व्हिडिओ'. स्क्रीन रीडर हेच वाचून दाखवतो. बाकी कोडला हात लावायची गरज नाही.

ताईंनी चर्चेच्या जागेत अशी चौकट चिकटवली तर मूडल ती गुपचूप काढून टाकतं. ही बिघाडाची खूण नाही, सुरक्षेसाठी विद्यार्थ्यांचा मजकूर गाळून घेतला जातो. त्यांना साधा दुवा टाकायला सांगा.

७. चौकटीशेजारी दोन ओळी लिहा

चौकटीच्या वर: यात काय आहे, किती वेळ लागेल, कोणता भाग बघायचा. चौकटीच्या खाली: 'दिसत नसेल तर इथे दाबा' आणि मूळ दुवा. ही खालची ओळ लिहायला लागल्यापासून मला येणारे फोन निम्म्याने कमी झाले.

शासन निर्णय देताना नुसत्या पीडीएफच्या दुव्यावर विसंबू नका. विभागाचं नाव, दिनांक आणि सांकेतांक मजकुरात लिहा. दुवा उद्या मेला तरी सांकेतांकावरून शासनाच्या संकेतस्थळावर निर्णय शोधता येतो. बाकीच्या संकेतस्थळांची महत्त्वाची पानं इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन करता येतात, तो जतन केलेला दुवा वहीत लिहून ठेवा.

८. तपासणी, पण ताईंच्या डोळ्यांनी

मूडलमध्ये 'स्विच रोल'ने विद्यार्थी होता येतं, पण ती अर्धीच तपासणी. मूडल तुम्हाला विद्यार्थी समजेल, गूगल मात्र तुम्हाला मालकच समजत राहील. म्हणून इन्कॉग्निटो खिडकीत चाचणी खात्याने उघडा. मग तोच धडा फोनवर, ऑफिसचं वाय-फाय बंद करून. मग मूडलच्या ॲपमध्ये.

आयफोनवर एक वेगळी अडचण येते. सफारी २०२० पासून चौकटीतल्या परक्या संकेतस्थळाच्या कुकीज (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदी) अडवते, त्यामुळे ज्याला लॉगिन लागतं असं काहीही चौकटीत नीट चालत नाही. लॉगिन लागणारी गोष्ट चौकटीत नकोच, फोन कोणताही असो.

९. बघितलं की नाही, हे मूडलला कळत नाही

वरिष्ठ हे हमखास विचारतात: किती जणींनी व्हिडिओ पूर्ण बघितला? मूडल फक्त पान उघडलं इतकंच सांगू शकतं. चौकटीच्या आत काय झालं हे त्याला दिसत नाही. चौकटीतला गूगल फॉर्म भरला, तरी मूडलच्या गुणपत्रकात काही येत नाही. माझ्या एका तुकडीत सगळ्या ताईंनी चाचणी दिली होती आणि मूडलमध्ये सगळ्यांच्या नावापुढे रेघ होती. नावं जुळवत दोन संध्याकाळी गेल्या, त्यातही 'सुनीता' नावाच्या तिघी.

गुण हवे असतील तर प्रश्न मूडलच्या 'क्विझ'मध्येच घाला. व्हिडिओच्या मध्येच थांबवून प्रश्न विचारायचे असतील तर एचफायपी या परस्परसंवादी धडे बनवायच्या साधनातला 'इंटरॲक्टिव्ह व्हिडिओ' घ्या. २०२०च्या मूडल ३.९ पासून एचफायपीची सामग्री तिथेच बनवून धड्यात लावता येते. त्यात यूट्यूबचा दुवा चालतो आणि गुण थेट गुणपत्रकात जातात. पंचसूत्रीच्या, म्हणजे बचत गटाच्या पाच नियमांच्या, धड्यात मी अंतर्गत कर्जाचं उदाहरण संपतं तिथे व्हिडिओ थांबवते आणि विचारते: पाच हजारांवर महिना दोन टक्क्यांनी पहिल्या महिन्याचं व्याज किती? शंभर हे उत्तर आलं की व्हिडिओ पुढे सरकतो. ज्यांचं एक हजार येतं त्यांच्यासाठी मागच्या दीड मिनिटावर परत जायची सोय ठेवली आहे. यूट्यूबचा व्हिडिओ असल्याने हे ऑफलाइन मात्र चालत नाही, तेव्हा रेंज नसलेल्या गावातल्या ताईंना तोच प्रश्न छापील कागदावर द्या.